गच्चीवरचा पालक

डॉक्टर म्हणाले होते, "थोडा पालक खात जा." त्यातला 'थोडा' हा शब्द मी ऐकलाच नाही, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. मी तो ऐकला होता. पण ऐकणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या बाईला हा फरक समजावून सांगावा लागू नये.

झालं असं, की माझ्या रक्तात लोह कमी निघालं. मला जबर धक्का बसला. तोवर माझी प्रकृती लोखंडासारखी आहे असं मी चारचौघांत सांगत आलो होतो, आणि तपासणीच्या कागदावर नेमकं लोखंडच नव्हतं. खरं तर बाजारातून दोन जुड्या आणल्या असत्या तर विषय तिथेच संपला असता. पण मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसतो. लोकांनी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. बाजारातल्या भाजीवर काय फवारलेलं असतं कुणास ठाऊक, असं मी म्हणालो आणि घरीच पालक लावायचं जाहीर केलं. हिने मान वर न करता विचारलं, "पाणी कोण घालणार?" मी ठणकावून सांगितलं, "मी."

आमच्या इमारतीच्या गच्चीचे चार भाग आहेत, चार घरांना एकेक. आमचा भाग वर्षानुवर्षं फुटक्या माठांना आणि एका मोडक्या सायकलीला दिलेला होता. तो मी एका रविवारी रिकामा केला. फळवाल्याकडून अकरा प्लास्टिकचे क्रेट आणले. त्यांना जोड म्हणून दोन गळक्या बादल्या आणि आमच्या मुलीचा लहानपणीचा टब. मुलगी आता दुसऱ्या गावी शिकते. फोनवर तिला टबाचं सांगितलं तर ती म्हणाली, की निदान मला विचारायचं तरी.

आता बी किती पेरायचं? इथे माझं नशीब आडवं आलं. बियाणांच्या दुकानदाराने सांगितलं, की यातलं निम्मं बी उगवतच नाही, तेव्हा दुप्पट टाका. मी दुप्पट पाकिटं घेतली. जिन्यात हेडमास्तर भेटले. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नाही. त्यांनी पाकिटं हातात घेऊन मागचा मजकूर वाचला, त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि म्हणाले, की उगवलेल्यातलं निम्मं पाखरं खातात, तेव्हा दुप्पट टाका. मी परत दुकानात गेलो. घरी बाबांना विचारलं. माझे बाबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केलेले. ते म्हणाले, की उरलेल्यातलं निम्मं तू मारशील. तेव्हा दुप्पट टाक.

म्हणजे आठपट झालं. विम्याच्या माणसाला हा हिशेब पटतो. नुकसान गृहीत धरूनच आम्ही चालतो.

नुकसान झालंच नाही. आठव्या दिवशी सकाळी मी वर गेलो आणि गच्चीच्या दारातच थिजलो. झाडून सगळं बी उगवलं होतं. एकाही बियाने दगा दिला नव्हता. पाखरं आली नव्हती. आणि मी, ज्याच्या हातून कुंडीतलं निवडुंग मेलं होतं, त्या मी एकही रोप मारलं नव्हतं. टबात तर पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी मोजपट्टी आणून दोन रोपांतलं अंतर मोजलं आणि म्हणाले, "अंतरच नाही."

महिन्याभरात पालक कापायला आला. पहिल्या दिवशी मी उशीचे तीन अभ्रे गच्च भरून पानं खाली आणली, हिच्यापुढे ओतली आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. ओटा दिसेनासा झाला. मी आंघोळीला गेलो. परत येऊन झाकण उघडलं तर पातेल्याच्या तळाला लिंबाएवढा एक हिरवा गोळा. मी पातेल्यात बघितलं, झाकणाखाली बघितलं, मग हिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी तिच्यावर संशय घेतला नव्हता.

"बाकीचा कुठे आहे?"

"बाकीचा म्हणजे पाणी होतं," ती म्हणाली.

दावा फेटाळला गेल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. दुसऱ्या दिवशी मी सहा अभ्रे आणले. त्यातून दोन लिंबं निघाली. पण खरा धक्का पुढे होता. जेवढा कापावा तेवढा पालक दुप्पट जोमाने वर येत होता. आज भादरलेला क्रेट पाच-सहा दिवसांनी जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उभा. आधी मी त्याच्याकडे कौतुकाने बघायचो. मग आदराने बघू लागलो. तिसऱ्या आठवड्यापासून मला त्याची भीती वाटायला लागली.

स्वयंपाकघराने हार मानायला सुरुवात केली. आधी सूप झालं. मग पालकाचं ऑम्लेट, पालक घातलेला भात, पालकाचा पाव. पाव ओव्हनमधून निघाला तेव्हा इतका हिरवा होता, की हिने त्याला बुरशी आली समजून टाकूनच दिला, आणि मी तो टोपलीतून परत काढला. उकडलेल्या पालकाचे गोळे करून बर्फाच्या कप्प्यात ठेवले. चार दिवसांत त्या कप्प्याचं दार लागेना.

एका सकाळी हिला कणकण होती म्हणून सूप मी करायला घेतलं. उकळता पालक मिक्सरमध्ये घालू नये, एवढं कुणी मला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. मी बटण दाबलं, आणि झाकण माझ्या कानाजवळून छताकडे गेलं. मागोमाग सूप गेलं. वर पंखा चालू होता. पुढचं पंख्याने केलं. भांड्यांची मांडणी, खिडकीचा पडदा, भिंतीवरचं घड्याळ, दाराआडून पेपर वाचणारे बाबा, काही सुटलं नाही. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पेपरचं पान उलटलं. हिने पांघरुणातून डोकं बाहेर काढून बघितलं आणि परत आत घेतलं. मी तसाच ऑफिसला गेलो. दुपारी साहेबांनी बोलावून घेतलं तेव्हा मला वाटलं, बढतीचं असेल. साहेब माझ्या कानाकडे टक लावून म्हणाले, की तिथे काहीतरी उगवलंय.

ऑफिसचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. मी सहकाऱ्यांच्या टेबलावर रोज एकेक जुडी ठेवायला लागलो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आभार मानले. दुसऱ्या दिवशी हसले. तिसऱ्या दिवशी मी जिन्यातून येताना दिसलो की लोक फोनवर बोलायला लागायचे. पंधरवड्याने सूचनाफलकावर एक कागद लागला : 'कार्यालयीन वेळेत भाजीपाल्याचे वाटप करू नये.' नाव कुणाचंच नव्हतं. पण खाली सगळ्या खात्यांच्या सह्या होत्या, आणि एवढी एकजूट मी त्या ऑफिसात कधी पाहिली नव्हती.

मग शेजाऱ्यांच्या दारांच्या कड्यांना पिशव्या अडकवायला लागलो. आत चिठ्ठी : 'घरचा पालक. प्रेमाने.' हेडमास्तरांची पिशवी संध्याकाळी आमच्याच कडीला परत लटकलेली. चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलं होतं : "'घरचा पालक' हा शब्दप्रयोग द्व्यर्थी. वाचकाचा गोंधळ उडतो. टाळावा." दहापैकी चार गुणही दिले होते. मी पन्नाशीचा माणूस. माझ्या हाताखाली तीन कारकून आहेत. ती चिठ्ठी हातात घेऊन मी कितीतरी वेळ दारात उभा होतो.

त्यात माझ्या पाठीत कळ यायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढायला लावला आणि विचारलं, की आहारात काही बदल केलाय का. मी अभिमानाने सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्या मूत्रपिंडात बारीकसा खडा होता. आणि लोह जिथे होतं तिथेच होतं, तसूभरही वर सरकलं नव्हतं.

"मी 'थोडा' म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

ही गोष्ट मी घरी सांगितली, ती चूक झाली. ही म्हणाली, की आता सगळं उपटून टाका. पण माणसाला काही अब्रू असते. मला पालक बंद झाला होता, घराला झाला नव्हता. मी माझ्यापुरता वरणभात वेगळा लावला आणि हिला आणि बाबांना वाढत राहिलो. बाबा खाली मान घालून जेवायचे आणि जेवण झालं की गच्चीवर जायचे. पाणी घालायचं काम केव्हाच त्यांच्याकडे गेलं होतं, हे या ठिकाणी कबूल करायला हवं. मी फक्त ऑफिसला जायच्या आधी वर जाऊन त्यांच्याशेजारी बसायचो आणि कुठला क्रेट आधी कापायचा यावर चर्चा करायचो.

बाबांनी तिथेही जुनी नोकरी काढलीच. त्यांनी एका दुपारी सगळी गच्ची मोजली, कागदावर नकाशा काढला आणि त्यातून असं निघालं, की हेडमास्तरांची कपडे वाळत घालायची तार आमच्या भागात नऊ इंच आत आहे. त्यांनी नकाशाची एक प्रत हेडमास्तरांना नेऊन दिली. हेडमास्तर मोजमापावर काही बोलू शकले नाहीत, म्हणून पाण्यावर बोलले. बाबांच्या पाइपचं पाणी त्यांच्या खिडकीत गळतं आणि त्यांचे जुने शब्दकोश भिजतात, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणाले, आधी तार काढा. हेडमास्तर म्हणाले, आधी पाणी थांबवा. मी म्हणालो, पालक घ्या. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, की मी खाली निघून आलो.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. ही बाजारात गेली होती. घरात दुसऱ्या कुठल्याही रंगाचं काहीतरी आणायचं, एवढंच ठरवून. मी कोपरापर्यंत हिरवा होतो. दारात चाळिशीच्या एक बाई, काखेत फाइल, गळ्यात ओळखपत्र. नगरपालिकेतून आल्या होत्या. पालकाबाबत तक्रार आली आहे, असं म्हणाल्या. मी ओळखलं, हेडमास्तर. बाईंना आत बसवलं, पाणी दिलं. सरकारी माणसापुढे खरं बोलावं, विशेषतः आपली बाजू भक्कम असताना.

त्यांनी विचारलं, की तुम्ही पालकांना गच्चीवर ठेवता, हे खरं आहे का? सरकारी माणसं भाजीचाही आब राखून बोलतात, याचं मला कौतुक वाटलं. मीही तसंच बोलायचं ठरवलं.

"हो. दोन महिने होत आले."

"घरात का नाही ठेवत?"

"घरात त्यांना कुठे ठेवणार? जागा नको का?"

बाईंनी लिहून घेतलं. उन्हाचं काय, असं विचारलं. मी म्हणालो, ऊन त्यांना लागतंच, पण फारच कडक पडलं तर वरून एक जुनी चादर टाकतो. आंघोळ, म्हणजे पाणी वगैरे? मी म्हणालो, सकाळ-संध्याकाळ पाइपने. तक्रारीत तेच आहे, असं बाई हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, आपली व्यवस्था बघून बाई प्रभावित झाल्या.

"आणि खायला काय देता?"

"शेणखत," मी म्हणालो. "आणि आमच्या चहाचा चोथा. वाया काही घालवत नाही आम्ही."

बाईंचं पेन गळून पडलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि दाराच्या बाजूला सरकल्या. इतका वेळ मांडीवर असलेली फाइल त्यांनी छातीशी धरली होती, ढालीसारखी. मी आत्ताच्या आत्ता गच्ची बघणार, असं त्या म्हणाल्या.

आम्ही वर गेलो. आता वर काय दिसलं ते ऐका. अकरा क्रेटच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबा. पाइप हातातून सुटून मांडीवर पडलेला, त्यामुळे कंबरेपासून खाली चिंब. ऊन लागू नये म्हणून डोक्यावरून घेतलेली जुनी चादर. डोळे मिटलेले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो त्या क्षणी. खाली काय काय बोलून आलो ते एकेक वाक्य आठवत गेलं. चोथ्यापाशी येऊन मी पुढचं आठवायचं थांबवलं.

बाई बाबांच्या पुढ्यात वाकल्या आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला इथे कुणी आणून ठेवलं?"

बाबांनी डोळे उघडले. "मुलाने," ते म्हणाले.

"जेवायला काय मिळतं?"

"पाला." त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. ती हिरवी होती. "महिना झाला. हा स्वतः वरणभात जेवतो."

मी पालकाच्या क्रेटकडे बोट दाखवत राहिलो. जन्मदात्याने इतकं खरं बोलावं, आणि तेही सरकारी फाइलसमोर, याचा मला जो धक्का बसला तो शब्दांत सांगता येणार नाही. बाईंनी फोन काढला. तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला आणि तक्रारीचा कागद मागितला. चाळीस वर्षं सरकारी कागद वाचलेला माणूस. मागितल्यावर बाईंनी मुकाट्याने दिला. बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं : "'विषय : पालकाबाबत. वरील गृहस्थांनी पालकास गच्चीवर उघड्यावर ठेवले असून त्यावर दिवसातून दोनदा पाइपने पाणी मारले जाते. तरी पालकाची अन्यत्र सोय करावी.'"

मग ते बाईंना म्हणाले, की यातला पालक मी नव्हे. तुमच्या पायाशी आहे तो.

बाईंनी पायाशी बघितलं. मग परत कागद बघितला. मग टबाच्या कडेवर बसल्या. ज्येष्ठ नागरिक कक्षात कागद आला, विषयाची ओळ वाचून तो त्यांच्या नावावर टाकला गेला, दोन अधिकाऱ्यांनी त्यावर 'तातडीचे' असा शेरा मारला, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं सांगत होत्या. आवाज ऐकून हेडमास्तर वर आले होते. त्यांनी आपलाच अर्ज बाबांच्या हातातून घेऊन वाचला, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "द्व्यर्थी." त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला. ते आपली तार सोडवून, गुंडाळून खाली घेऊन गेले. पुढे दोन दिवस त्यांच्या घराचं दार उघडलं नाही.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या, की भेट झाली म्हणजे अहवाल द्यावाच लागतो, आणि छापील तक्त्यात भाजीसाठी रकाना नाही. ज्येष्ठाचं म्हणणं काय, तेवढं लिहून घेते आणि जाते. बाबा म्हणाले, लिहा. मी डोळ्यांनी त्यांना खुणा करत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"मुलाबद्दल तक्रार नाही," ते सांगायला लागले. "हा सकाळी 'येतो बाबा' म्हणायचा आणि संध्याकाळी 'जेवलात का' म्हणायचा. दोन्हीच्या मध्ये काही नाही. गेली कित्येक वर्षं असंच. आता दोन महिने रोज सकाळी इथे वर येतो, शेजारी बसतो, अर्धा-पाऊण तास बोलतो. पानांबद्दलच बोलतो, पण बोलतो. म्हणून मी पाला खातो." त्यांनी जवळच्या क्रेटमधला एक दांडा बोटाने वाकवून दाखवला. "हा आता फुलावर आला. पंधरा दिवसांत सगळा संपेल. त्यानंतर काय, ते तुमच्या कार्यालयाने याला विचारून घ्यावं."

बाईंनी शेवटपर्यंत शब्दन् शब्द लिहून घेतला. मग माझ्याकडे वळल्या आणि पेन कागदावर टेकवून थांबल्या. सरकारी काम होतं, उत्तर लिहायचं होतं.

मी विम्यातला माणूस. समोरच्याचं किती नुकसान झालंय हे कागद न बघता सांगू शकतो, अशी माझी ख्याती आहे. आणि माझ्याच घरात, जेवणाच्या टेबलापलीकडे, इतकी वर्षं एक दावा पडून होता, तो मी उघडूनसुद्धा बघितला नव्हता. लोह कमी निघालं तेव्हा धक्का बसला होता, खडा निघाला तेव्हाही. पण ते धक्के कुठे लागले ते सांगता येत होतं. हा कुठे लागला ते कळेना. पाइपमधून पाणी वाहत होतं. मी जाऊन नळ बंद केला, कारण मला कुठेतरी बघायला हवं होतं.

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग 'पुढील कार्यवाही' या रकान्यात लिहिलं, 'मुलाने करावी', आणि माझी सही घेतली. जाताना मी एक जुडी पुढे केली. त्यांनी हात जोडले आणि जिना उतरल्या.

आम्ही दोघंच उरलो. ऑफिसला सुट्टी होती, तरी मी घड्याळ बघितलं, सवयच तशी. मग एक रिकामी बादली उपडी करून बाबांच्या खुर्चीजवळ बसलो. पानांबद्दल बोलण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. बाबाही मदत करत नव्हते. ओल्या पायजम्याचं टोक पिळत बसले होते.

"पुढे काय लावू या?" शेवटी मी विचारलं.

बाबांनी अकराच्या अकरा क्रेटवरून नजर फिरवली. मग टबावरून. बराच वेळ मनातल्या मनात मोजमाप चाललं होतं.

"काहीही लाव," ते म्हणाले. "फक्त खाता येणार नाही, असं बघ."